दिपोटी ओळखणारी गाडी

"सर, गाडी डिझेलची घ्यावी की पेट्रोलची?"

साधारण २०११ ते २०१४ या काळात हा प्रश्न मला किती जुन्या विद्यार्थ्यांनी विचारला असेल, त्याची मोजदाद नाही. मला स्वतःला गाडी चालवता येत नाही हे त्यांना ठाऊक होते, तरी विचारायचे. शाळेत 'पानिपतच्या पराभवाची कारणे लिहा' म्हटले की ज्यांना घाम फुटायचा, ती मुले आता डिझेलच्या आणि पेट्रोलच्या बाजूने दहा-दहा कारणे धडाधड सांगायची. डिझेल लिटरमागे एवढे स्वस्त, ॲव्हरेज एवढे जास्त, पण गाडीच लाखभराने महाग, मग महिन्याला किती किलोमीटर फिरले म्हणजे फरक वसूल होतो... सगळे गणित तोंडपाठ! धुराचा मुद्दा मात्र त्यात कधी नसायचा. मी काढलाच तर उत्तर ठरलेले, "सर, हल्लीच्या गाड्या सगळ्या टेस्ट पास झालेल्या असतात."

हे 'पास' प्रकरण माझ्या डोक्यात राहिले. इंजिनातले मला काही कळत नाही. पण चौतीस वर्षे मराठी आणि इतिहास शिकवला, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासले, तेव्हा 'पास' या शब्दाचा अर्थ थोडाफार कळतो असे म्हणायला हरकत नसावी. म्हणून गाड्यांच्या धुराची परीक्षा कोणी सुरू केली, कशी घेतात, आणि ती देणाऱ्यांनी तिचे काय केले, हे जमेल तसे वाचत गेलो. वाचता वाचता वाटले, अरे, ही तर आपलीच गोष्ट आहे. शाळेतली!

आधी थोडे शास्त्र, आमच्या सातवीच्या वर्गाला कळेल इतपतच. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण ठिणगीने पेटवतात. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. तिथे हवाच इतकी दाबतात आणि ती इतकी तापते, की तिच्यात डिझेल फवारले की ते आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९० च्या दशकात हे इंजिन प्रत्यक्षात आणले. तेवढ्याच इंधनात जास्त काम, हा त्याचा मोठा गुण. विहिरीवर धडधडणारे किर्लोस्करांचे तेलाचे इंजिन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

पण या दाबाचा आणि उष्णतेचा एक तोटा आहे. हवेत जवळजवळ चार पंचमांश नायट्रोजन असतो. एरवी हा वायू कोणाच्या अध्यात ना मध्यात. मात्र इंजिनातल्या भयंकर उष्णतेत तो ऑक्सिजनशी जोडला जातो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. पेट्रोलच्या इंजिनातही ती होतात, पण तिथे हवेचे प्रमाण नेमके राखता येत असल्यामुळे सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यांचा बराचसा बंदोबस्त करतो. डिझेलच्या धुरात ऑक्सिजन शिल्लक राहतो, त्यामुळे तीच युक्ती तिथे चालत नाही. वेगळी आणि महाग व्यवस्था करावी लागते. शिवाय काजळी असतेच. उलट किलोमीटरमागे कार्बन डायऑक्साइड मात्र डिझेलगाडी कमी सोडते.

म्हणजे गंमत पाहा. डिझेलवाला म्हणतो माझी गाडी पृथ्वी कमी तापवते, पेट्रोलवाला म्हणतो माझी गाडी छातीला कमी त्रास देते. दोघेही खरे बोलतात, कारण दोघे वेगवेगळ्या वायूंबद्दल बोलतात! (पेट्रोलवाल्यांनी फार ताठ मानेने फिरू नये. इंजिन ठोके मारू नये म्हणून पेट्रोलमध्ये शिसे घालायची युक्ती १९२१ साली अमेरिकेत निघाली. ते शिसे आपल्याकडच्या पेट्रोलमधून २००० साली गेले आणि जगातल्या अखेरच्या देशातून, अल्जीरियातून, २०२१ साली. मुलांच्या मेंदूवर परिणाम करणारे विष शंभर वर्षे पंपावर विकले गेले.)

या भांडणात एक अडचण अशी, की नायट्रोजन डायऑक्साइड रस्त्यावर डोळ्यांना दिसत नाही. एस.टी.चा काळा धूर दिसला की आपण पदर किंवा रुमाल नाकाला लावतो. या वायूच्या बाबतीत तसे करता येत नाही. माझ्या धाकट्या बहिणीला दमा आहे आणि तिचे घर पुण्यातल्या एका वाहत्या रस्त्याला लागून, पहिल्या मजल्यावर. दिवाळीच्या आसपास रात्री-रात्री ती बसून काढते. खिडकीतून येणाऱ्या हवेत काय आहे, हे तिला वासाने कळत नाही, नजरेने कळत नाही. कोणीतरी मोजून सांगितले तरच कळणार. मोजणारा सांगेल त्यावर विश्वास ठेवणे, एवढेच तिच्या हातात. म्हणून मोजणी खरी आहे की खोटी, हा प्रश्न मला गाडीच्या ॲव्हरेजपेक्षा मोठा वाटतो.

आता इतिहासाकडे वळतो. ही मोजणी सुरू झाली अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात. २६ जुलै १९४३ रोजी त्या शहरावर असा दाट, डोळे झोंबवणारा धुरकट पडदा उतरला, की लोकांना वाटले जपानने विषारी वायू सोडला. दुसरे महायुद्ध चालू होते ना! मग संशय गेला शहरातल्या कृत्रिम रबरासाठी रसायन बनवणाऱ्या एका कारखान्यावर. कारखाना काही काळ बंद ठेवला, तरी धुरके काही जाईना. शेवटी कॅलिफोर्नियातल्या एका संस्थेत अननसाच्या स्वादाचे रसायनशास्त्र अभ्यासणारे हागेन-स्मिट नावाचे मूळचे डच प्राध्यापक या कामाला लागले. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दाखवून दिले, की गाड्यांच्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या धुरातले न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो आणि हे धुरके बनते. गुन्हेगार प्रत्येकाच्या अंगणात उभा होता. कोणालाच हे ऐकायला आवडले नाही, हे सांगायला नको. पुढे कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ नेमले आणि १९६८ साली हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७० साली अमेरिकेत स्वच्छ हवेचा कडक कायदा झाला, पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली आणि गाड्यांची परीक्षा कडक होत गेली.

ही परीक्षा कशी? गाडी रस्त्यावर न्यायचीच नाही. प्रयोगशाळेत जमिनीत बसवलेल्या रोलरवर चाके ठेवायची. चाके फिरतात, गाडी जागच्या जागी. सायलेन्सरला नळी जोडून धूर गोळा करायचा. चालकासमोर एक आलेख असतो. या सेकंदाला वेग वाढव, या सेकंदाला थांब. अमेरिकेतला तो आलेख लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरच्या खऱ्या फेरीवरून बेतलेला होता, सुमारे १२ किलोमीटर आणि तेवीस मिनिटांच्या आत संपणारा. युरोपने स्वतःचा आलेख केला, वीस मिनिटांचा आणि ११ किलोमीटरचा. आपल्या पुण्याच्या एआरएआय संस्थेनेही १९८० च्या दशकात भारतीय रस्त्यांसाठी आलेख तयार केला. त्यात कमाल वेग होता ताशी ४२ किलोमीटर. त्या काळच्या आपल्या शहरांत तेवढाच धावत असणार!

रस्त्यावर का नाही मोजत, असे कोणीही विचारेल. त्याला कारण होते, आणि ते चांगले कारण होते. रस्त्यावर एक दिवस ऊन, एक दिवस पाऊस. एक चालक अंगात आल्यासारखा गाडी हाणणारा, दुसरा बैलगाडीच्या चालीने जाणारा. सर्वांना सारखी प्रश्नपत्रिका, सारखा वेळ, सारखे तापमान दिले तरच तुलना न्याय्य होईल. बोर्डाची परीक्षा याच तत्त्वावर चालते. शिवाय रस्त्यावर धावत्या गाडीचा धूर मोजण्याची सोय तेव्हा नव्हतीच.

पण त्यामुळे एक गोष्ट झाली. प्रश्नपत्रिका कायमची जाहीर झाली. दर वर्षी तीच, त्याच क्रमाने, सेकंदासेकंदाने छापलेली.

माझ्या पिढीच्या वाचकांना 'दिपोटी' हा शब्द आठवत असेल. डेप्युटी इन्स्पेक्टरचा आम्ही केलेला अपभ्रंश. दिपोटी येणार अशी बातमी आली की गावातली शाळा बदलून जायची. भिंतींना चुना, जमिनीला शेण, नकाशे ट्रंकेतून बाहेर, पोरांची नखे कापलेली, आणि जी कविता साहेबांपुढे म्हणायची तिची आठवडाभर घोकंपट्टी. साहेब खूश होऊन शेरा लिहून जायचे. दुसऱ्या दिवशी नकाशे पुन्हा ट्रंकेत. यात कोणी मोठा गुन्हा केला असे कोणाला वाटत नसे, सगळ्याच शाळा ते करत. पण शेरेबुकातली शाळा आणि रोजची शाळा या दोन वेगळ्या शाळा असत, हेही सगळ्यांना माहीत असे.

गाड्यांच्या कारखानदारांनी नेमके हेच केले, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. आणि फार लवकर सुरुवात केली. फोक्सवॅगन कंपनीच्या १९७३ च्या काही गाड्यांत तापमान ओळखणारे स्विच बसवलेले होते, ठरावीक तापमानाबाहेर गाडी गेली की धूर आवरणारी यंत्रणा बंद. कंपनीने १९७४ साली १ लाख २० हजार डॉलर भरून प्रकरण मिटवले. ही पेट्रोलच्या जमान्यातली गोष्ट. नंतर संगणक आले. १९९८ साली अमेरिकेत ट्रकची डिझेल इंजिने बनवणाऱ्या सात कंपन्या एकदम सापडल्या. त्यांची इंजिने चाचणीच्या वेळी शहाण्यासारखी वागत आणि महामार्गावर एका वेगाने तासन् तास चालू लागली की इंधन वाचवण्यासाठी नायट्रोजनची ऑक्साइडे बेलाशक सोडत. ८ कोटी ३४ लाख डॉलर दंड झाला, एकूण खर्च शंभर कोटी डॉलरच्या वर गेला. या तडजोडीतून एक चांगले काम झाले. धावत्या ट्रकवर बसवून धूर मोजणारे उपकरण तयार करायचे काम वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाकडे आले. हे उपकरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता थोडे युरोपकडे जाऊ. १९९७ साली क्योटोचा करार झाला आणि कार्बन डायऑक्साइड हा मोठा शत्रू ठरला. १९९८ साली युरोपातल्या गाडी उत्पादकांनी तो कमी करण्याचे वचन दिले. सर्वांत सोपा उपाय म्हणजे डिझेल. अनेक देशांत डिझेलवर कर कमी होताच, ब्रिटनने २००१ पासून गाडीचा करही कार्बन डायऑक्साइडवर बेतला. २०११ च्या सुमारास पश्चिम युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त डिझेलच्या होत्या. लोकांनी पर्यावरणाचे भले करतो आहोत याच समजुतीने त्या घेतल्या. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे काय, तर त्यावरही मर्यादा होत्या आणि त्या कडक होत गेल्या. डिझेल कारला २००० साली किलोमीटरमागे अर्धा ग्रॅम, २००५ साली पाव ग्रॅम, २००९ साली ०.१८ आणि २०१४ साली ०.०८ ग्रॅम. कागदावर धूर एक षष्ठांशाच्या आत आला. शहरांतली हवा मात्र त्या मानाने सुधारेना.

आयसीसीटी नावाच्या एका स्वयंसेवी संशोधन संस्थेला हे खटकत होते. त्यांनी विचार केला, अमेरिकेत तर मर्यादा युरोपपेक्षाही कडक आहे आणि तरीही तिथे जर्मन डिझेलगाड्या विकल्या जातात. म्हणजे त्या नक्कीच स्वच्छ असणार. तेव्हा त्या अमेरिकन गाड्या रस्त्यावर मोजू आणि युरोपला दाखवू, की बघा, डिझेल स्वच्छ होऊ शकते! गाड्या निर्दोष आहेत हे सिद्ध करायलाच मंडळी निघाली होती. काम मिळाले त्याच वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाला. डॅन कार्डर यांच्या हाताखाली मार्क बेश, अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे तरुण संशोधक. यातले शेवटचे दोघे आपल्या भारतातले, एक चेन्नईचा आणि एक बंगळूरचा. खर्चासाठी मिळालेली रक्कम एक लाख डॉलरच्याही आत.

२०१३ साली त्यांनी तीन डिझेलगाड्या मिळवल्या. फोक्सवॅगनची जेट्टा, तिचीच पसाट आणि बीएमडब्ल्यूची एक मोठी गाडी. डिकीत उपकरण आणि त्याला वीज द्यायला जनरेटर अशी वरात घेऊन मंडळी कॅलिफोर्नियात हिंडली. पसाट तर लॉस एंजेलिसहून सिॲटलपर्यंत नेऊन परत आणली. बीएमडब्ल्यू बहुतेक ठिकाणी मर्यादेत राहिली. जेट्टा मात्र मर्यादेच्या १५ ते ३५ पट आणि पसाट ५ ते २० पट नायट्रोजनची ऑक्साइडे सोडत होती! आधी त्यांना आपलेच उपकरण बिघडले असे वाटले. पण कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाच्या प्रयोगशाळेत याच गाड्या रोलरवर चढवल्या, तर फोक्सवॅगनच्या दोन्ही गाड्या उत्तम पास. त्या प्रयोगशाळेला नाव कोणाचे, तर हागेन-स्मिट यांचे.

मे २०१४ मध्ये अहवाल आला. त्यात आरोप नव्हता, फक्त आकडे होते. पुढे सव्वा वर्ष हवा मंडळाचे अभियंते कंपनीला विचारत राहिले आणि कंपनी तांत्रिक कारणे सांगत राहिली. डिसेंबर २०१४ मध्ये सुमारे पाच लाख गाड्या दुरुस्तीला परत बोलावून झाल्या, तरी रस्त्यावरचा आकडा फारसा उतरेना. अखेर, २०१६ च्या नव्या गाड्यांना प्रमाणपत्रच देणार नाही असे अधिकाऱ्यांनी बजावल्यावर सप्टेंबर २०१५ च्या सुरुवातीला कंपनीने कबुली दिली. १८ सप्टेंबरला ते जगजाहीर झाले. गाडीच्या संगणकातली आज्ञावली स्टिअरिंगची स्थिती, वेग, इंजिन किती वेळ चालू आहे आणि हवेचा दाब या गोष्टी पाहून ताडत असे, की आपण रोलरवर आहोत की रस्त्यावर. चाके फिरत आहेत पण स्टिअरिंग वळत नाही? म्हणजे दिपोटी आले! लगेच धूर आवरणारी यंत्रणा पूर्ण ताकदीने चालू. रस्त्यावर आली की ढिली, मर्यादेच्या ४० पटीपर्यंत. जगभरात अशा १ कोटी १० लाख गाड्या विकल्या गेल्या होत्या.

का केले असेल? यंत्रणा पूर्ण वेळ चालवली तर इंधन जास्त लागते, सुटे भाग लवकर झिजतात, किंवा युरियाच्या द्रावणाची मोठी टाकी बसवावी लागते. थोडक्यात, पैसे. बीएमडब्ल्यूची गाडी जवळपास पास झाली म्हणजे डिझेल स्वच्छ करणे अशक्य नव्हते, महाग होते. कंपनीला पुढे जे भरावे लागले त्यापुढे ते काहीच नव्हते. दंड, भरपाई, गाड्या परत घेणे मिळून ३,००० कोटी युरोंच्या वर खर्च. काही अधिकारी अमेरिकेत तुरुंगात गेले, आणि जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या न्यायालयाने मे २०२५ मध्ये आणखी चौघा माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. हेमंत कप्पण्णा पुढे एका मोठ्या गाडी कंपनीत नोकरीला लागले, २०१९ मध्ये ती नोकरी गेली आणि ते भारतात परतले. ही बातमी वाचून मन थोडे खिन्न झाले.

या प्रकरणात मेलेल्या माणसांचा फोटो नाही, म्हणून ते आकड्यांचेच प्रकरण वाटते. पण २०१७ साली 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने अंदाज केला, की भारतासह जगातल्या ११ मोठ्या बाजारपेठांत डिझेल वाहनांनी मर्यादेच्या वर सोडलेल्या नायट्रोजन ऑक्साइडांमुळे २०१५ या एका वर्षात सुमारे ३८ हजार माणसे अकाली गेली. यात ट्रक आणि बस मोठ्या प्रमाणात आहेत, एका कंपनीचे हे पाप नव्हे. पण 'मर्यादेच्या वर' हे शब्द पुन्हा वाचा. या सगळ्या गाड्या पास झालेल्याच होत्या.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे तिकडचे. तसे नाही. फोक्सवॅगनच्या दोन वर्षे आधी, जुलै २०१३ मध्ये, जनरल मोटर्सच्या भारतातल्या कंपनीने १ लाख १४ हजार टवेरा गाड्या परत बोलावल्या. तिथे संगणकाचीही गरज पडली नव्हती. तपासणीसाठी कमी धूर सोडणारी निवडक इंजिने काढून ठेवायची आणि तीच तपासणीच्या गाड्यांत बसवायची, असा सरळ देशी खाक्या! हुशार मुलाला दुसऱ्याच्या नावाने परीक्षेला बसवावे, तसा. कंपनीने स्वतःच कबूल केले आणि काही कर्मचाऱ्यांना काढून टाकले.

आणि फोक्सवॅगनचा कारखाना तर आपल्या चाकणला, २००९ पासून. १९६६ साली वाहन उद्योग आणि सरकार यांनी मिळून काढलेली एआरएआय संस्था वेताळ टेकडीवर. सकाळी टेकडीवर फिरायला जाणारे आम्ही लोक तिच्या कुंपणाजवळून जातो. २०१५ च्या अखेरीस तिने या कंपनीच्या गाड्या रस्त्यावर तपासल्या आणि नायट्रोजनची ऑक्साइडे भारतीय मर्यादेच्या पाच ते नऊ पट निघाली. कंपनीने ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलावल्या. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला, दोन महिन्यांनी सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली.

कंपनीचे म्हणणे काय होते, ते नीट ऐकण्यासारखे आहे. आम्ही भारतातला नियम मोडलेला नाही, असे ती म्हणत होती. कारण आपल्या भारत स्टेज चारच्या नियमात रस्त्यावरची मोजणी नव्हतीच! प्रयोगशाळेत पास होणे एवढाच नियम. शाळेने म्हणावे, की साहेब आले तेव्हा नकाशे भिंतीवर होते, नियमात बाकीच्या दिवसांबद्दल काही लिहिलेले नाही. या युक्तिवादाला वकील कदाचित उत्तर शोधतील. शिक्षकाला मात्र त्याने निरुत्तर व्हायचे कारण नाही. परीक्षा कशासाठी आहे हे विसरून ती कशी आहे एवढेच पाहायचे ठरवले, की असेच होणार.

पेट्रोल पंपाच्या कडेला उभी असणारी पीयूसीची व्हॅन आठवा. गाडी जागेवर उभी, इंजिन चालू, सायलेन्सरमध्ये नळी. पेट्रोलच्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन, डिझेलच्या गाडीच्या धुराचा काळेपणा, एवढेच तिथे वर्षानुवर्षे तपासले गेले. नायट्रोजनची ऑक्साइडे त्या प्रश्नपत्रिकेत नव्हतीच. माझा भाचा आपल्या आईला प्रमाणपत्र दाखवून सांगायचा, "आई, आपली गाडी क्लीन आहे." तो खोटे बोलत नव्हता. त्याला जे विचारले गेले, त्यात तो पास होता.

काही बदलले नाही असे मात्र नाही. युरोपात सप्टेंबर २०१७ पासून नव्या प्रकारच्या गाड्यांना डिकीत उपकरण ठेवून रस्त्यावरची परीक्षा सक्तीची झाली. (सुरुवातीला मर्यादेच्या २.१ पटीपर्यंत सवलत होती, म्हणजे ग्रेस मार्क आले तिथेही.) आपण भारत स्टेज पाच ओलांडून १ एप्रिल २०२० पासून थेट सहावर उडी मारली, आणि १ एप्रिल २०२३ पासून आपल्याकडेही गाड्यांना रस्त्यावर मोजणे लागू झाले. परिणाम बोलका आहे. खरा खर्च करायची वेळ येताच मारुतीने २०२० पासून डिझेलच्या गाड्या बनवणे बंद केले. २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलचा भाव सरकारी नियंत्रणातून सुटला होताच. ज्या वादात माझे विद्यार्थी तासन् तास रमायचे, तो एका खऱ्या परीक्षेने आणि एका खऱ्या किमतीने बराचसा मिटवला.

म्हणून डिझेल वाईट आणि पेट्रोल चांगले, असा निकाल देऊन मी मोकळा होणार नाही. २०१६ साली जपानच्या मित्सुबिशी कंपनीने कबूल केले, की आपल्या लहान पेट्रोल गाड्यांच्या ॲव्हरेजचे आकडे तिने फुगवून दिले होते. अशा गाड्या सव्वासहा लाख, आणि मोजण्याची चुकीची पद्धत १९९१ पासून चालू. इंधन कोणतेही असो, जाहीर प्रश्नपत्रिका आणि ठरलेली वेळ मिळाली की माणूस तेवढ्यापुरता शहाणा होतो. वीस वर्षे जगाने डिझेल-पेट्रोलचा जो वाद घातला, त्यातले बरेच आकडे या तेवढ्यापुरत्या शहाणपणाचे होते. आपण भांडत होतो, पण खोट्या गुणपत्रिका समोर ठेवून.

आमच्या लहानपणी एक दिपोटी होते. नाव विसरलो. ते कळवून येत नसत. सायकल बाहेरच्या लिंबाला टेकवून सरळ मागच्या बाकावर येऊन बसत आणि तास संपेपर्यंत काही बोलत नसत. मग जवळच्या मुलाची वही मागत, पहिल्या पानापासून. गुरुजी मंडळी त्यांना फार घाबरत. पण त्यांच्या काळात आमच्या शाळेचे नकाशे वर्षभर भिंतीवर असत, आणि भारतातल्या नद्या मला आजही न चुकता दाखवता येतात. त्या तिघा तरुणांनी डिकीत जनरेटर घालून जे केले, ते वेगळे काय होते?

वेस्ट व्हर्जिनियाचा तो अहवाल आला नसता, तर त्या १ कोटी १० लाख गाड्या आजही स्वच्छ म्हणूनच नोंदलेल्या असत्या आणि खिडकीशी बसणाऱ्यांना आपला त्रास कशाने वाढतो हे कोणी सांगितले नसते. तेव्हा नवीन गाडी घेताना ॲव्हरेज जरूर विचारा. पण या गाडीचा धूर रस्त्यावर मोजला आहे का, किती निघाला, हेही एकदा विचारून पाहा. विक्रेता गोंधळेल कदाचित. गोंधळू द्या. दहा गिऱ्हाइकांनी विचारले की अकराव्याला उत्तर तयार ठेवावे लागेल.

असो. मास्तरांना बोलायला लागले की घंटा ऐकू येत नाही, तसे झाले. तुमच्यापैकी कोणी गाड्यांच्या धंद्यात किंवा तपासणीच्या कामात असेल, तर आपला अनुभव जरूर कळवा. शिकायला मला अजूनही आवडते.